दुसऱ्या देशातलं मूल दत्तक घेताय? फाइल गेल्यानंतरचे प्रश्न

मागच्या अंकात दुसऱ्या देशातून मूल दत्तक घेण्याबद्दल एका वाचकाला चार ओळींत उत्तर दिलं होतं, तर त्यानंतर मेलवर मेल येत गेले. बहुतेक सगळे फाइल पाठवून बसलेल्यांचे. म्हणजे कागद गेले, मुलाखती झाल्या आणि आता कुणी काही सांगतच नाही, अशा अवस्थेतले. म्हणून यावेळी सगळी जागा त्यांनाच. नावं काढून टाकलीयेत, पत्रं थोडी छाटलीयेत.

प्रश्न : ताई, होम स्टडी (सोशल वर्करने घरी येऊन केलेली आमची तपासणी) झाला, फाइल त्या देशात पोचली, त्याला दोन वर्षं होऊन गेली. एजन्सीने सुरुवातीला दीड वर्ष सांगितलं होतं. आता विचारलं की एकच उत्तर, वेटिंग आहे. आमच्या नंतर फाइल पाठवलेल्या एका जोडप्याला मुलगा मिळाला पण! आमचं कुठे काही चुकलंय का? नवरा म्हणतो सारखं फोन करून काही होणार नाही. मला रात्री झोप लागत नाही.

उत्तर : चुकलेलं काही नाही, आधी ते डोक्यातून काढा. गैरसमज काय होतो सांगते, आपल्याला वाटतं ही रांग आहे, नंबर पुढे सरकणार आणि एक दिवस आपली पाळी येणार. मॅचिंग, म्हणजे मूल आणि घर जुळवणं, तसं चालत नाही. तिथले अधिकारी एका मुलाचे कागद समोर घेऊन बसतात आणि या मुलाला यातलं कोणतं घर झेपेल असं बघतात. तुमच्यानंतरच्या जोडप्याने कदाचित मोठ्या वयाचं मूल चालेल म्हटलं असेल, किंवा एखादा आजार, किंवा दोन भावंडं एकत्र. तुमच्या फॉर्मवर दोन वर्षांच्या आतलं आणि पूर्ण निरोगी असं लिहिलेलं असलं तर तशी मुलं बहुतेक देशांत आता बाहेर फारशी जातच नाहीत, त्यांना तिथेच घर मिळतं. आणि ते बरोबरच आहे हो. हेग करार म्हणून १९९३ चा आंतरराष्ट्रीय करार आहे, शंभरावर देश त्यात आहेत, त्यात स्पष्ट लिहिलंय की आधी मुलाला त्याच्या स्वतःच्या देशात कुटुंब मिळतंय का ते नीट बघायचं, मगच बाहेरच्या देशाचा विचार. तुम्ही जी दोन वर्षं मोजताय त्यातला काही भाग हे बघण्यात जातो. कुणाची तरी आत्या किंवा मावशी शोधली जात असते. तिला शोधू नये असं तुम्हालाही वाटणार नाही.

आता जरा कडू भाग. २००४ च्या आसपास जगभरात वर्षाला साधारण ४५ हजार मुलं अशी एका देशातून दुसऱ्या देशात जात होती, आता तो आकडा काही हजारांवर आलाय. एकट्या अमेरिकेत २००४ मध्ये जवळजवळ २३ हजार मुलं आली, २०२३ मध्ये १३०० सुद्धा नाही. देशच्या देश बंद झाले, ग्वातेमालाने २००७ च्या शेवटी नव्या केस घेणं थांबवलं, इथिओपियाने २०१८ मध्ये बंदी घातली, चीनने २०२४ च्या सप्टेंबरमध्ये नात्यातली दत्तक सोडून बाकी सगळं थांबवल्याचं सांगितलं, आणि तेव्हा ज्यांच्या हातात मुलाचा फोटो होता, जे वर्षानुवर्षं थांबले होते, ते तसेच राहिले. हे तुम्हाला घाबरवायला सांगत नाहीये. एजन्सी जेव्हा 'वेटिंग आहे' म्हणते तेव्हा पुढचा प्रश्न विचारायचा असतो म्हणून सांगतेय. गेल्या वर्षात त्या देशातून तुमच्या एजन्सीकडे प्रत्यक्ष किती मुलं मॅच झाली, त्यांची वयं काय होती, त्या देशात कायदा बदलायची चर्चा आहे का, आणि उद्या दार बंद झालं तर आपली फाइल दुसऱ्या देशाला वळवता येते का, भरलेल्या पैशातलं काय परत मिळतं. हे सगळं मेलवर विचारा, फोनवर नाही. फोनवरच्या उत्तराला पुढे कुणी धनी नसतो.

आणि तुमचे कागद! होम स्टडी, पोलिसांचं सर्टिफिकेट, मेडिकल, कशालाही मुदत असते, आणि मॅच आलं आणि होम स्टडी एक्स्पायर, असं खरंच होतं. पगार बदलला, घर बदललं, घरात कुणी राहायला आलं, तुम्हाला दिवस गेले, सगळं सोशल वर्करला कळवायचं, कितीही नको वाटलं तरी. फोनच्या कॅलेंडरमध्ये सगळ्या तारखा तीन महिने अलीकडच्या टाकून ठेवा. एजन्सीला फोन महिन्यातून एक पुरे, तारीख ठरवून. नवऱ्याचं एवढं ऐका. झोपेचं मात्र मनावर घ्या, दोन वर्षं अशी काढलेली आई मूल घरात येतं तेव्हा आधीच थकलेली असते, आणि खरी रात्रपाळी तर तेव्हा सुरू होते. कौन्सेलरकडे गेलात तर होम स्टडीत वाईट दिसेल अशी भीती बऱ्याच जणांना असते. चांगला सोशल वर्कर ते तुमच्या बाजूनेच लिहितो.

प्रश्न : नमस्कार, आमच्या ओळखीतून एक गृहस्थ भेटले, त्यांची त्या देशात एका अनाथाश्रमात ओळख आहे. ते म्हणतात एजन्सीच्या भानगडीत न पडता सहा महिन्यांत काम होईल, मुलाची आई गरीब आहे आणि ती स्वतः द्यायला तयार आहे, पाहिजे तर व्हिडिओ कॉलवर बोलून घ्या. खर्च जास्त आहे पण आमची तयारी आहे. करावं का?

उत्तर : नाही.

कारण हवं असेल तर, तुमच्या मेलमधलं एकेक वाक्य घ्या. आईशी व्हिडिओ कॉल : हेग करारात नात्याबाहेरच्या दत्तकासाठी मूल दत्तक जाण्याजोगं आहे का, संमती खरी आहे का, तुम्ही पात्र आहात का, हे ठरेपर्यंत होणाऱ्या पालकांनी मुलाच्या आईवडलांशी किंवा सांभाळणाऱ्यांशी संपर्कच करायचा नाही असं आहे, कारण पैसेवाला माणूस समोर बसला की गरीब बाईची 'हो' ही 'हो' राहत नाही. 'आई तयार आहे' : आईची संमती बाळ जन्मल्यानंतरच घ्यायची असते आणि त्यासाठी पैसे दिलेले चालत नाहीत. खर्च जास्त आणि वेळ कमी : म्हणजे मधल्या ज्या तपासण्यांना वेळ लागतो त्याच तुम्ही पैसे देऊन काढून टाकताय.

२००७ मध्ये चाडमध्ये एका फ्रेंच संस्थेच्या लोकांनी १०३ मुलं विमानात घालून न्यायची तयारी केली होती, शेजारच्या सुदानमधल्या दारफूरची अनाथ मुलं म्हणून. बहुतेक मुलं चाडचीच निघाली आणि त्यांचे घरचे जिवंत होते. २०१० च्या भूकंपानंतर हैतीमध्ये ३३ मुलांना सीमेपार नेताना काही अमेरिकन लोकांना पकडलं, तिथेही तेच, आईबाप होते. आणि हे फक्त गडबडीच्या काळात होतं असंही नाही, दक्षिण कोरियात तर सरकारी आयोगानेच २०२५ मध्ये सांगितलं की कित्येक मुलांना कागदोपत्री अनाथ दाखवून बाहेर पाठवलं गेलं. ती मुलं आज चाळिशी पन्नाशीत आहेत आणि आपली खरी आई शोधत फिरतायत. तुमचं मूल अठरा वर्षांचं होऊन विचारेल तेव्हा त्याला दाखवायला तुमच्याकडे काय असणार, त्या गृहस्थांचा फोन नंबर?

शिवाय साधी गोष्ट, अशा पद्धतीने मिळालेल्या कागदांवर मुलाला तुमच्या देशाचा व्हिसा मिळेलच असं नाही. मग मूल तिकडे, तुम्ही इकडे, आणि कोर्टात केस.

प्रश्न : मॅडम, आम्हाला रेफरल आलं, म्हणजे आमच्यासाठी सुचवलेल्या मुलाची माहिती!! चार वर्षांचा मुलगा आहे, फोटो पाहिल्यापासून आम्ही दोघं नुसते रडतोय. मेडिकल रिपोर्टमध्ये 'डेव्हलपमेंटल डिले' (म्हणजे वयाच्या मानाने विकास मागे) लिहिलंय, वजन उंची कमी आहे, आणि जन्मतारीख अंदाजे असं लिहिलंय. एजन्सी म्हणते लवकर कळवा. काय बघायचं नक्की?

उत्तर : अभिनंदन, आणि आता जरा फोटो बाजूला ठेवा, कारण फोटोने निर्णय करून टाकलाय हे मला इथूनच दिसतंय.

संस्थेत वाढलेल्या मुलाच्या फाइलमध्ये 'डिले' नाही असं क्वचितच असतं. उंचीचं एक ढोबळ गणित डॉक्टर सांगतात, संस्थेतल्या साधारण तीन महिन्यांमागे मूल एक महिना मागे पडतं. म्हणजे चार वर्षांचा मुलगा अडीच पावणेतीनचा दिसतो. घरी आल्यावर उंची वजन बहुतेकांचं भराभर वाढतं. म्हणून नुसत्या कमी वजनाला घाबरू नका, पण डोक्याचा घेर किती आहे ते शोधा, आणि एकदाच मोजलेला नको, वेगवेगळ्या तारखांचे आकडे मागा. घेर वाढत चाललाय की एका जागी थांबलाय, यातून डॉक्टरला बरंच कळतं. लसी दिल्याचं लिहिलं असलं तरी तपासून घ्याव्या लागतात. हेपॅटायटिस बी, एचआयव्ही, टीबीच्या टेस्ट तिथे झाल्या असल्या तरी घरी आल्यावर परत करायच्या आणि काही तर सहाएक महिन्यांनी पुन्हा. दत्तक मुलांच्या फायली वाचायची सवय असलेला बालरोगतज्ज्ञ गाठा, असे डॉक्टर असतात, व्हिडिओ बघून पण मत देतात. नेहमीचा डॉक्टर प्रेमाने 'काही नाही हो, होईल सगळं नीट' म्हणेल, ते ऐकायला छान वाटतं एवढंच.

प्रश्न लिहून पाठवा. संस्थेत कधी आला, त्याआधी कुठे होता? एकाच बाईने सांभाळलं का बायका बदलत गेल्या? रडला की कुणाकडे जातो? झोपताना काय लागतं? हे सगळे प्रश्न मेडिकल नाहीत पण माझ्या मते मेडिकलपेक्षा जास्त कामाचे, कारण रोमानियातल्या अनाथाश्रमांतून ब्रिटनमध्ये गेलेल्या मुलांचा पुढे मोठेपणापर्यंत अभ्यास झाला, त्यात जी मुलं सहा महिन्यांच्या आत बाहेर पडली ती जवळपास इतर मुलांसारखीच वाढली, आणि जी त्याहून जास्त राहिली त्यांच्यातल्या बऱ्याच जणांना मोठेपणीही लक्ष लागण्याचे, नाती जुळण्याचे त्रास राहिले. सगळ्यांना नाही, काही जण त्यातूनही अगदी ठणठणीत निघाले. पण प्रेम दिलं की सगळं भरून निघतं असं जे सगळे म्हणतात ना, त्यावर सगळा हिशोब मांडू नका. स्पीच थेरपी, शाळेत एक वर्ष मागे बसवणं, पुन्हा पुन्हा अपॉइंटमेंट, हे धरूनच 'हो' म्हणा.

अंदाजे जन्मतारखेचं : हाडांचा एक्स रे आणि दात बघून अंदाज काढतात, पण कुपोषित मुलात तो वर्षभरानेही चुकू शकतो. शाळेत घालताना घाई करू नका.

आणि 'नाही' म्हणायचा हक्क तुम्हाला आहे. हे कुणी बोलत नाही. झेपणार नाही असं दोघांपैकी एकाला जरी पोटातून वाटत असेल तर आत्ता नाही म्हणणं हे घरी आणून सहा महिन्यांनी हात वर करण्यापेक्षा मुलासाठी शंभर पटीने बरं. 'लवकर कळवा' म्हणणाऱ्या एजन्सीला विचारा, नेमकी कोणत्या तारखेपर्यंत, आणि ती तारीख कुणी ठरवली.

प्रश्न : आम्ही त्या देशाची भाषा शिकायची का? मुलगी तीन वर्षांची असेल साधारण. बहीण म्हणते मुलं पटकन उचलतात, दोन महिन्यांत आपलीच भाषा बोलेल, उगाच क्लासचे पैसे घालवू नका.

उत्तर : बहिणीचं अर्धं खरं आहे, मुलं उचलतात पटकन. पण जुनी भाषा त्याहून पटकन जाते, आणि नवी नीट यायच्या आधीच, म्हणजे मधले काही महिने पोरीला धड कोणतीच भाषा नसते. त्या महिन्यांसाठी शिका. व्याकरण राहू दे. दुखतंय, भूक, शू, भीती वाटते, थांब, गरम आहे, मी आहे इथे, मी परत येते. शेवटचं सगळ्यात महत्त्वाचं, कारण तिच्या आयुष्यात गेलेली माणसं परत आलेली नाहीत. जमलं तर तिला सांभाळणाऱ्या बाईच्या आवाजात एखादं झोपवायचं गाणं रेकॉर्ड करून आणा, आणि तिच्या अंगावरचे जुने कपडे, पांघरूण, न धुता. वास राहू दे.

एक गंमत सांगते. फ्रान्समध्ये लहानपणी कोरियातून दत्तक आलेल्या मोठ्या माणसांचे मेंदूचे स्कॅन केले, २००३ ची गोष्ट, तर कोरियन भाषा ऐकताना त्यांच्या मेंदूत काही वेगळं दिसलंच नाही, पुसली गेली होती. आणि २०१४ मध्ये कॅनडात चीनमधून साधारण वर्षाच्या वयात आलेल्या मुलींवर तसंच केलं तर एक शब्द कळत नसूनही चिनी सूर ऐकताना त्यांचा मेंदू चिनी बोलणाऱ्यांसारखाच वागला. आता यातलं तुमच्या मुलीच्या बाबतीत काय होईल कोण सांगणार, पण तुम्ही दोघं ती भाषा थोडी जिवंत ठेवलीत तर तिला मोठेपणी परत जायला एक वाट राहील.

नावाबद्दल पण तिघाचौघांनी विचारलंय म्हणून इथेच उरकते. माझं मत, बदलू नका. हाक मारल्यावर मान वळते ते नाव त्या मुलाची एकमेव स्वतःची वस्तू असते. हौस असेल तर दुसरं नाव जोडा मागे.

प्रश्न : मी होणारी आजी. माझी सून आणि मुलगा दुसऱ्या देशातून पाच वर्षांची मुलगी आणतायत, मला आनंदच आहे. पण सुनेने आत्ताच सांगून ठेवलंय की पहिले दोन तीन महिने कोणी भेटायला यायचं नाही, मी आले तरी मुलीला मांडीवर घ्यायचं नाही, भरवायचं नाही, खाऊ द्यायचा नाही. मी काय परकी आहे का? माझी दोन मुलं मीच वाढवली ना?

उत्तर : आजी, राग येणं साहजिक आहे. पण सून बरोबर आहे, आणि तिने हे आधी सांगितलं म्हणजे ती अभ्यास करून बसलीये.

असं बघा. तुमच्या मुलांना जन्मल्यापासून ठाऊक होतं की रडलं की हीच बाई येते. या मुलीकडे पाच वर्षांत पाळीप्रमाणे बदलणाऱ्या किती बायका आल्या आणि गेल्या असतील. तिने शिकलेलं काय, तर जो मोठा माणूस समोर येईल त्याला हसून दाखवायचं, बिलगायचं, म्हणजे काहीतरी मिळतं. अशी मुलगी तुमच्या घरात आली की पहिल्याच दिवशी तुमच्या गळ्यात पडेल, आणि सगळे म्हणतील किती गोड, किती लवकर रुळली! ती रुळलेली नसते आजी, ती कुणाच्याही गळ्यात पडली असती. दारातल्या कुरिअरवाल्याच्या पण. तिला आधी हे कळायला हवं की भरवणारे, आंघोळ घालणारे, लागलं तर फुंकर मारणारे हे दोघंच आहेत आणि उद्याही हेच असणार. ते पक्कं झालं की मग आजी म्हणजे काय ते तिला कळेल, त्याआधी तुम्ही फक्त आणखी एक छान बाई.

काही मुलं उलटी, जवळच येत नाहीत, आईला ढकलतात, मारतात, बाबालाच चिकटतात. तेव्हा तुमच्या सुनेला रात्री बाथरूममध्ये जाऊन रडावंसं वाटेल, आणि वाट बघून बघून आणलेल्या मुलीबद्दल काहीच वाटत नाहीये असंही वाटेल. होतं असं, बाळंतपणानंतर होतं तसंच दत्तकानंतरही होतं. तेव्हा लागणार तुम्ही. जेवण करून दारात ठेवा, कपडे घेऊन जा, बिलं भरा, सुनेला दोन तास झोपू द्या आणि मुलगी तेवढा वेळ तुमच्या मुलाजवळ राहू द्या. खाऊ द्यायचाच असला तर सुनेच्या हातात द्या, ती देईल. मुलगी काही मागायला तुमच्याकडे आली की 'चल आईला विचारू' म्हणून हात धरून तिच्याकडे न्या. एवढं तीन महिने करा. आणि मुलीने उशीखाली पोळी लपवलेली सापडली तर कुणाला हसून सांगू नका, ओरडूही नका. उद्या मिळेल याची खात्री नसलेली मुलं लपवतात. हाताशी येईल असा डबा भरून ठेवला की हळूहळू थांबतं.

नातेवाइकांना थोपवायचं काम पण तुम्हीच घ्या. सुनेने सांगितलं तर ती शिष्ट ठरते. तुम्ही सांगितलंत की 'मीच अजून मांडीवर घेतलेलं नाही, तुम्ही कुठले', तर कोण बोलणार?

प्रश्न : सुट्टी कधी घ्यावी? मूल आणायला जाताना बरीच जाईल, मग घरी आल्यावर काय उरणार? आणि पोस्ट प्लेसमेंट रिपोर्ट म्हणजे नक्की काय, ते किती सीरियसली घ्यायचं?

उत्तर : ऑफिसात आत्ताच बोला, मॅच आल्यावर नाही, कारण मॅच आल्यावर प्रवासाची तारीख कधी कधी फार थोड्या दिवसांवर येते. काही देशांत एका ट्रिपमध्ये काम होतं, काही देशांत कोर्टासाठी वेगळं आणि आणायला वेगळं जावं लागतं, मध्ये महिने जातात. दोघांनी एकदम सगळी सुट्टी संपवू नका. आणताना दोघं, आल्यावर पहिले काही आठवडे दोघं असलात तर उत्तम, मग एकेक करून ओढा. पाळणाघर किंवा शाळा जेवढी पुढे ढकलता येईल तेवढी ढकला. आल्याआल्या पुन्हा नव्या बायकांच्या हाती दिलं की मुलाला वाटणार, झालं, हे पण तसलंच ठिकाण.

रिपोर्ट म्हणजे मूल घरी आल्यावर ठरावीक महिन्यांनी सोशल वर्कर येऊन लिहितो ते, फोटोंसकट, आणि ते मुलाच्या देशाला जातं. किती वर्षं पाठवायचे ते देशादेशावर आहे. मूल घरी आलं की बऱ्याच जणांना ही कटकट वाटते आणि दुसऱ्या तिसऱ्या वर्षी राहून जातं. राहू देऊ नका. तुमच्या मागे जी जोडपी थांबलीयेत त्यांची फाइल त्या देशाने पुढे घ्यावी की नाही, हे तुमच्या रिपोर्टवर पण अवलंबून असतं, रिपोर्ट येत नाहीत म्हणून कुरबुरी झाल्या आहेत आधी. आणि 'सगळं छान चाललंय' एवढंच लिहून देऊ नका. झोप लागत नाही, शाळेत मारामारी करतो, ते पण सांगा. तिथे कुणी तुमचं मूल परत मागायला येणार नाही, उलट पुढच्या मुलाच्या फाइलमध्ये जरा खरी माहिती लिहिली जाईल. प्रत्येक रिपोर्टची एक कॉपी स्वतःकडे, मुलाच्या मूळ कागदांच्या सोबत, एकाच फोल्डरमध्ये. स्कॅन पण करा. ओरिजिनल कागद कुणालाही देऊ नका, कितीही ओळखीचा असला तरी.